जीवराम आबांचं चूलबंद आवतन

शिरपूरकडून पोटासाठी येऊन जळगाव-भुसावळात रुजलेल्या आमच्या माणसांत जीवराम आबांना न ओळखणारा एक जण आणून दाखवा, मी दुकानाची पाटी उतरवून ठेवते. पाटीवर ‘दिपमाला मोबाइल रिपेअरिंग’ असं लिहिलंय आणि ती दिपमाला मीच. पिंप्राळ्यात भाजीबाजाराच्या तोंडाशी माझं दुकान आहे. बाईमाणूस फोन काय उघडणार म्हणून जे हसले, त्यांचेच फोन मी बारा वर्षं उघडतेय. मला राग लवकर येतो हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या रागाचा वाटा मोठा आहे.

आबा तीस वर्षं डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होते. पण त्यांची खरी ओळख तिथली नाही. आबा आवतन सांगतात. कुणाच्या घरी लग्न असो, बारसं असो, दहावा-तेरावा असो, घरोघर जाऊन जेवणाचं बोलावणं करायचं काम त्यांचं. छापील पत्रिका पोस्टानं येवो की कुरियरनं, आबा दारात येऊन बोलल्याशिवाय आमच्याकडे ते बोलावणं झालं असं कुणी मानत नाही. ‘पत्रिका तं मियनी, पण जीवराम कोठे उना?’ असं म्हणून लग्नाला न गेलेले लोक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत.

आणि आवतन म्हणजे नुसतं ‘या’ नव्हे. घरटी एक माणूस, हे साधं. जोडीनं या, हे त्याच्या वरचं. आणि सगळ्यात वर चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर, आलागेला पाहुणा, झाडून सगळ्यांनी जेवायला यायचं. चूलबंद सांगून माणूस आला नाही तर तो मोठा अपमान, आणि चूलबंद सांगून जेवण कमी पडलं तर यजमानाची अब्रू गेली. म्हणून हा शब्द कुणीही ऐऱ्यागैऱ्यानं उच्चारायचा नसतो. आबांनी उच्चारला की बायका रात्रीच पीठ झाकून ठेवतात.

एकदा दोन सख्ख्या भावांचं भांडण होतं. दारं समोरासमोर, पण तोंड बघत नव्हते एकमेकांचं. आवतन आधी कुणाला सांगितलं यावरून तिथं डोकी फुटली असती. आबांनी काय करावं? गल्लीच्या बरोब्बर मधोमध उभे राहिले, आभाळाकडे बघितलं आणि खड्या आवाजात चूलबंद सांगून चालते झाले. दोघे भाऊ एकाच पंगतीत जेवले. असा हा माणूस. जमीन नाही, बंगला नाही. यजमान देईल तो टॉवेल-टोपी आणि एसटीचं भाडं, एवढ्यावर खूश. कमाई म्हणाल तर एकच, जीवराम बोलला म्हणजे ते खरं.

गुडघे बोलायला लागले तेव्हा मीच त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि आवाज भरून पाठवायला शिकवलं. सहाशेच्या वर घरांचे नंबर मी त्या फोनमध्ये भरले. तेव्हापासून आबा ओट्यावर बसून आवतन सांगायला लागले. फोन तोंडासमोर धरून, टोपी नीट करून, जसं काही समोर दार आहे आणि दारात घरधनी उभा आहे.

त्या सोमवारी संध्याकाळी आबा दुकानात आले. शिरपूरच्या चुडामणभाऊंच्या नंबरवरून काहीतरी आलं होतं. नाव ‘लग्नपत्रिका’, खाली ‘सहकुटुंब सहपरिवार अवश्य यावे’. चुडामणभाऊ म्हणजे आबांच्या जवळचे, कापसाचे व्यापारी, आणि त्यांची मुलगी भूमिका लग्नाची झालेली, हे सगळ्यांना ठाऊक.

‘दिपू माय, हाई उघडत नही. देख बरं,’ आबा म्हणाले.

मी पाहिलं. फोटो नव्हता, पीडीएफ नव्हती, ॲपची फाइल होती. हल्ली लोक पत्रिकेचं पण ॲप करतात, गाणी वाजतात, फोटो फिरतात. फोन म्हणत होता, हे ॲप आमच्या स्टोअरमधलं नाही, बनवणाऱ्याची ओळख पटलेली नाही, बसवता येणार नाही. झालं! माझं डोकं फिरलं.

का फिरलं ते ऐका. या अडवणुकीशी माझं रोजचं भांडण आहे. आमच्याच कॉलेजच्या एका पोरीनं अहिराणी टाइप करायचा कीबोर्ड केला, तो स्टोअरमध्ये नाही, तर फोन अडवतो. जुन्या भजनांचं ॲप स्टोअरवरून काढलं, बायका रडकुंडीला येऊन माझ्याकडे येतात, फोन अडवतो. दरवेळी नवीन अपडेट, दरवेळी एक कडी जास्त. अरे, फोन घेतला आम्ही, पैसे मोजले आम्ही, आणि काय बसवायचं ते सांगणार तुम्ही? घर माझं आणि किल्ली तुमच्या कमरेला? गिऱ्हाइकांसमोर मी हे इतक्या वेळा बोललेय की बाजूचे मंडपवाले हनीफभाई मला ‘लीडर’ म्हणतात.

तर मी आबांना म्हटलं, ‘द्या इकडे. यांच्या बापाचं काय जातं?’ आणि सेटिंगमध्ये शिरले. एक परवानगी दिली. फोननं दुसरा इशारा दिला, लाल रंगाचा. तो तपासणीचा पहारेकरीच मी बंद केला. फोननं विचारलं, खात्री आहे का? मी दाबलं, हो. फोननं विचारलं, मेसेज वाचायची परवानगी द्यायची का? मी दाबलं, हो. वाचलंसुद्धा नाही हो! रोज पन्नास वेळा ‘हो’ दाबणारं बोट ते, वाचतंय कशाला?

ॲप बसलं. पडदा पांढराफटक. मी म्हटलं, ‘आबा, नेट नाही धड. घरी गेल्यावर उघडेल.’

आता आबांची एक रीत आहे. आवतन हातात आलं की ते अडवायचं नाही. दुसऱ्याचं बोलावणं आपल्याजवळ पडून असताना आपण घास घ्यायचा नाही. तरुणपणी पावसात सायकल मारत रात्री नशिराबादला जाऊन आले होते उपाशीपोटी, या रीतीपायी. त्यामुळे पत्रिका उघडण्याची वाट आबांनी पाहिलीच नाही. तारीख-वार पत्रिकेत असेलच, आपलं काम बोलावण्याचं. घरी जाऊन जेवणाआधी त्यांनी ती फाइल सहाशे घरांना पाठवली, आणि वर आपला आवाज भरला: ‘राम राम मंडळी. मी जीवराम. आपला चुडामणभाऊना घर लगीन शे. पत्रिका धाडेल शे. चूलबंद आवतन शे, बठ्ठासनी येवानं.’

मंगळवारी सकाळी मी शटर उघडलं तर दारात माणसं. धुरपदाबाई भाजीवाली सगळ्यात पुढे. प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येकाचं तेच, ‘दिपमाला, आबानं आवतन पाठवलंय, फोन उघडू देईना.’ कुणी म्हणालं, चुडामणच्या नंबरवरून परवाच आलं होतं, फोननं अडवलं म्हणून सोडून दिलं, पण आता आबांचा आवाज आला म्हटल्यावर बघायला नको?

मी एकेकाचा फोन घेतला. परवानगी, लाल इशारा, पहारेकरी बंद, हो, हो, हो. हात सराईत झाला होता. पैसे घेतले नाहीत कुणाकडून, आबांचं काम म्हणून. वर कंपनीवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होते, आणि लोक हसत होते. अकरा फोन. अकरा फोन मी या हातांनी उघडून दिले.

बारावा हातात घेतला तेव्हा हनीफभाई चहाचा ग्लास घेऊन सहज आत आले. ‘कुणाचं लग्न?’

‘चुडामणभाऊंच्या भूमिकाचं. चूलबंद आहे.’

हनीफभाई हसले. ‘काय तरी बोलते! चुडामणच्या मोठ्या पोराचा मंडप मी शिरपूरला जाऊन घातला. पोरीचा पण मीच घालणार, जबान झालीय आमची. मला न सांगता लग्न? तारीख काय?’

मी रांगेकडे पाहिलं. रांगेनं माझ्याकडे पाहिलं. तारीख कुणालाच माहीत नव्हती. स्थळ कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा कोण, कुठला, काही नाही. कारण पत्रिका एकानंही पाहिली नव्हती! सगळ्यांना पांढरा पडदा दिसला होता, आणि सगळ्यांना मी सांगितलं होतं की नेट नाही.

हनीफभाईंनी तिथल्या तिथे चुडामणभाऊंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चुडामणभाऊ पलीकडून ओरडले, ‘कसलं लग्न? अहो, अजून स्थळ बघतोय आम्ही. परवा मी एक पत्रिका उघडली मोबाइलवर, तेव्हापासून माझा फोन येड्यासारखा करतोय, आपोआप सगळ्यांना मेसेज जातायत.’

बारावा फोन मी तसाच टेबलावर ठेवला. आणि तेवढ्यात धुरपदाबाईंचा फोन वाजायला लागला, टुंग, टुंग, टुंग.

‘माय वं, हाई काय वाजी ऱ्हायनं? देख ना जरा,’ म्हणत त्यांनी तो माझ्या हातात दिला. त्यांना वाचता येत नाही. मला येतं. बँकेचे मेसेज होते. एक वाचेपर्यंत दुसरा. घरावर नवे पत्रे टाकायला साठवलेलं होतं नव्हतं तेवढं त्यांच्या खात्यातून निघून चाललं होतं, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हातातल्या फोनमधून, आणि मला ते थांबवता येईना. मी फोन बंद केला, सिमकार्ड ओढून काढलं, बॅटरी काढायला गेले तर ती निघायची नव्हती. मी किंचाळले म्हणे. मला आठवत नाही, हनीफभाई सांगतात.

सायबरवाल्यांचा नंबर लावला, बँकेत पळालो, तक्रारी केल्या. वेळेत धावल्यामुळे अकरापैकी सात जणांचं वाचलं. धुरपदाबाईंचं नाही वाचलं. इतर गावी आणखी किती जणांनी आपापल्या हातानं उघडलं त्याचा हिशेब पुढे आठ दिवस येत राहिला. ऐकवत नव्हतं.

दुपारी आबा आले. त्यांना काही माहीत नव्हतं. आवतन पोचलं का विचारायला आले होते बिचारे, इस्त्रीची टोपी घालून. मी सांगितलं. सांगताना मी तिसऱ्याच कुणाकडे तरी बघत होते. आबांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, ‘मना आवाज लाव.’

मी लावला. राम राम मंडळी. मी जीवराम. आबांनी डोकं वाकडं करून शेवटपर्यंत ऐकलं.

‘हाऊ मनाच आवाज शे,’ ते म्हणाले. ‘कोनी चोरेल नही.’

मी म्हटलं, आबा, चूक माझी. कुलूप मी काढलं. फोन ओरडून सांगत होता आणि मी त्याचं तोंड दाबलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘तू नुस्ता फोन उघाडा, माय. चूलबंद मी बोलनू.’ नंतर स्टुलावर बसले ते तासभर हलले नाहीत. पाणी दिलं, प्याले नाहीत. जन्मभराची कमाई माणसाच्या चेहऱ्यावरून उतरताना मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून आबा निघाले. मी म्हटलं, आवाज भरून पाठवा ना, एका मिनिटात सगळ्यांना कळेल. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच ओशाळले. आवाजावर आता कोण विश्वास ठेवणार होतं? एसटीनं, रिक्षानं, पायी, गुडघ्याला पट्टा बांधून हा माणूस घरोघर गेला. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर. दारात उभं राहायचं, उंबरा ओलांडायचा नाही, पाणी घ्यायचं नाही, हात जोडायचे आणि म्हणायचं, ‘मनं आवतन खोटं व्हतं.’ आमच्या लोकांत आवतन परत घ्यायची रीतच नाही. त्यासाठी शब्दच नाही. आबांनी तो त्या दिवसांत सहाशे वेळा नव्यानं घडवला.

काहींनी पाया पडून आत बोलावलं. काहींनी नाही बोलावलं. ज्यांचं गेलं होतं त्यांच्यातल्या एकीनं दार लावून घेतलं. धुरपदाबाईंनी काही न बोलता त्यांच्या हातात चार हिरवी वांगी ठेवली, भरताची, आणि ती घेऊन आबा माझ्या दुकानात येऊन ढसाढसा रडले.

भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरात वना म्हणून त्यांचा भाच्याकडून कुणी लागतो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आबा, आमच्या घरी कुणाचं काही गेलं नाही. आमच्या फोननं तुमचं आवतन घेतलंच नाही. फोन तुमच्यापेक्षा शहाणा निघाला.’ गमतीनं म्हणाला असेल. आबांनीही मला हसत हसतच सांगितलं. पण सांगून झाल्यावर बराच वेळ त्यांचे ओठ हसल्यासारखे तसेच राहिले होते, आणि डोळे मात्र रस्त्यावर.

मला वाटलं, त्या वनाला जाऊन दोन शब्द सुनवावेत. पण कुठल्या तोंडानं? कंपनीच्या कुलपावर मला अजूनही राग आहे. त्या पोरीचा कीबोर्ड अजून अडतो, आणि तो अडायला नको, हे मी आजही टेबल ठोकून सांगीन. पण हल्ली ‘हो’ दाबायच्या आधी मी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचते, गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशी. लोक वैतागतात. वैतागू देत.

तीन महिने आबांना कुणी आवतन सांगायला बोलावलं नाही. कुणी वाईट बोललं असं नाही हो, नुसतं बोलावलं नाही. लग्नं झाली, पत्रिका पोस्टानं गेल्या, लोक जाऊन जेवून आले. आबा ओट्यावर बसायचे. फोन त्यांनी मला परत आणून दिला होता.

मग माघात भूमिकाचं खरोखर ठरलं. चुडामणभाऊ शिरपूरहून गाडी करून आले आणि आबांच्या दारात उभे राहून म्हणाले, आवतन तुम्हीच सांगायचं. असं म्हणायला मोठं मन लागतं. आबांनी नवी टोपी घेतली. कातडी पिशवीत पत्रिकांचा गठ्ठा घातला, प्रत्येकीवर हळद-कुंकवाचं बोट. आणि पहिलं दार म्हणून ते माझ्या दुकानात आले.

मी उभी राहिले. पदर सावरला. आबांनी गळा साफ केला आणि बोलले, तस्संच, जुन्या आवाजात, ‘दिपमाला माय, चुडामणभाऊना घर लगीन शे. चूलबंद आवतन शे.’ आणि पत्रिका पुढे केली.

मी दोन्ही हातांनी घेतली. आणि काय केलं मी? उलटून पाहिली. तारीख वाचली, वार बोटांवर मोजून जुळवला, मंगल कार्यालयाचं नाव वाचलं, खालचा छापखाना वाचला. मनात काही नव्हतं हो, देवाशपथ नव्हतं. पण माझा दुसरा हात टेबलावरच्या फोनकडे गेला होता, आणि अंगठा चुडामणभाऊंचं नाव शोधत होता. मला ते आबांच्या नजरेकडे पाहिल्यावर कळलं.

मी फोन खाली ठेवायला गेले.

‘ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. लाव माय, लाव,’ आबा म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले. ‘तुनाकडे नंबर नही का? मी सांगस.’

आणि पिशवी काखेत धरून, माझ्या बोटांना वेळ मिळावा म्हणून मधे थांबत थांबत, ते मला चुडामणभाऊंचा नंबर एकेक आकडा करून सांगायला लागले.